जुन्या पंखांचा मेळावा

१९३३ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत दिल्लीस विमानांची एक शर्यत भरली होती. व्हाइसरॉयांच्या नांवें ठेवलेल्या चषकासाठीं ती शर्यत होती. तींत भाग घेण्याकरितां रिचर्ड शटलवर्थ नांवाचा तेवीस वर्षांचा एक इंग्रज तरुण आणि त्याचा मित्र जॉर्ज स्टेड हे दोघे थेट इंग्लंडहून उडत आले. दोघांजवळ एकाच जातीचीं दोन विमानें होतीं. त्या जातीचें नांव 'कॉम्पर स्विफ्ट'. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अंतर अवघें चोवीस फूट. आंत बसावयास जागा एकाच माणसाची. लांकडाचा सांगाडा, त्यावर ताणलेलें कापड आणि पुढें सात नळ्यांचें, सुमारें पाऊणशें अश्वशक्तीचें एक चिमुकलें इंजिन. एवढ्या सामुग्रीवर सुमारें पांच हजार मैलांची वाट तुडवून हे दोघे मित्र एका मेळाव्यास आले. एकमेकांशीं बोलण्याची सोय नाहीं; बिनतारी यंत्र नाहीं; धीर काय तो एवढाच कीं, मान वळविली म्हणजे शेजारच्या आकाशांत मित्राच्या विमानाचा पंख दिसतो आहे.

हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न कोणाही शहाण्या मनुष्याच्या मनांत येईल. त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा प्रयत्न आज मी करणार आहें. हीं लहान विमानें कोठून आलीं, त्यांतून उडणाऱ्या मित्रांनीं आपल्या देशाला काय दिलें, आणि आज इतक्या वर्षांनंतर तीं जीर्ण यंत्रें जपून पुन्हा आकाशांत कां नेलीं जातात, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

पहिलें महायुद्ध १९१८ सालीं संपलें तेव्हां जगांत विमानें पुष्कळ होतीं. पण तीं युद्धासाठीं बांधलेलीं होतीं. तीं अवजड, खादाड व बहुधा सरकारच्याच दारीं शोभणारीं होतीं. सामान्य माणसाला परवडेल, त्याला स्वतः चालवितां येईल असें विमान त्यांत नव्हतें. ही उणीव भरून काढली जेफ्री डि हॅव्हिलँड या इंग्रज कारागिरानें. युद्धांतून उरलेलें आठ नळ्यांचें एक इंजिन घ्यावें, त्याचा अर्धा भाग वापरावा व त्यांतून चार नळ्यांचें हलकें इंजिन तयार करावें, ही युक्ति फ्रँक हॅलफर्ड या अभियंत्यानें सिद्धीस नेली. त्या इंजिनाभोंवतीं डि हॅव्हिलँडनें एक दुपंखी, दोन माणसांचें विमान बांधलें आणि २२ फेब्रुवारी १९२५ रोजीं लंडनजवळच्या स्टॅग लेन येथील मैदानावरून तें स्वतः उडविलें. त्याचें नांव त्यानें 'मॉथ' असें ठेविलें.

मॉथ म्हणजे पतंग. डि हॅव्हिलँडला फुलपांखरें आणि पतंग यांचा मोठा नाद होता. या विमानाचे पंख मागें दुमडून ठेवितां येत, आणि तसे दुमडले म्हणजे तें भिंतीवर बसलेल्या पतंगासारखेंच दिसे. मोटारीमागें बांधून तें रस्त्यानें ओढून न्यावें व घरच्या कोठारांत ठेवावें, इतकें तें आटोपशीर होतें. आपल्या भाषेंत पतंग या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पोराच्या हातांतल्या दोऱ्यावर डोलणारा कागदी पतंग, आणि दुसरा दिव्याच्या ओढीनें जिवावर उदार होणारा. या विमानाला हे दोन्ही अर्थ लागू पडले, हें पुढील हकीगतीवरून दिसून येईल.

त्याच १९२५ सालीं इंग्लंडच्या सरकारनें उड्डाणमंडळांना द्रव्यसाहाय्य देण्यास आरंभ केला, आणि मॉथ हें त्या मंडळांचें आवडतें विमान झालें. कारकून, शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी असे लोक रविवारीं उडूं लागले. १९२८ पासून त्याला 'जिप्सी' नांवाचें अधिक भरंवशाचें इंजिन मिळालें. याच जिप्सी मॉथमधून १९३० च्या मे महिन्यांत एमी जॉन्सन ही तरुणी इंग्लंडहून एकटी निघून एकोणीस दिवसांनीं ऑस्ट्रेलियास पोंचली. वाटेंत पेट्रोल सरत आल्यामुळें तिला झांशीच्या लष्करी कवायतीच्या मैदानावर उतरावें लागलें होतें.

अशा विमानांतून प्रवास कसा होत असे, याची कल्पना आजच्या प्रवाशाला येणें कठीण आहे. बसण्याची जागा उघडी. तोंडावर ताशीं ऐंशी मैलांचा वारा. नकाशा गुडघ्यावर पसरलेला, व तो उडून जाऊं नये म्हणून मांडीखालीं दाबून धरलेला. पुढें एक होकायंत्र. बाकी सारी भिस्त डोळ्यांवर. खालीं रेल्वेचा रूळ दिसला कीं त्याला धरून जावयाचें, नदी लागली कीं नकाशांतील वळणाशीं तिचें वळण ताडून पाहावयाचें. समोरून वारा आला तर खालून धांवणारी आगगाडी आपल्या बरोबरीनें चालली आहे असें दिसावें! परक्या गांवीं उतरल्यावर पेट्रोल भरावयाचें तें हरणाच्या मऊ कातड्यांतून गाळून. कारण पाण्याचा एक थेंब इंजिनांत गेला तर पुढच्या डोंगरावर प्राणाशीं गांठ.

परंतु या साऱ्यांत मला एक गोष्ट विशेष अर्थपूर्ण वाटते. हें इंजिन आपण होऊन सुरू होत नसे. एकानें आंत बसून विजेची कळ सांभाळावयाची, आणि दुसऱ्यानें पुढें उभें राहून पंखा हातानें फिरवावयाचा. पुढच्यानें 'स्विच बंद' म्हणून ओरडावें, आंतल्यानें तेच शब्द परत उच्चारावे. मग पंखा दोन-चार वेळां फिरवून इंजिनांत पेट्रोल ओढून घ्यावें. मग 'स्विच चालू' अशी हाक व तसाच प्रतिसाद, आणि एक जोराचा हिसका. यांत आंतल्याची कळ चुकून चालू राहिली तर पुढच्याचा हात, कदाचित् मस्तकही, जागेवर राहावयाचें नाहीं. म्हणजे हें लहान विमान जमिनीवरून उठण्यापूर्वींच दोन माणसांच्या परस्पर विश्वासाची कसोटी घेत असे.

आतां आपल्या देशाकडे वळूं.

१९२९ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या उड्डाणमंडळांत शिकलेल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणाला वैमानिकाचें प्रमाणपत्र मिळालें. हिंदुस्थान व ब्रह्मदेशाच्या एरो क्लबानें दिलेल्या प्रमाणपत्रांत त्याचा क्रमांक पहिला होता. हा तरुण म्हणजे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, ज्यांना पुढें सारा देश जे. आर. डी. या तीन अक्षरांनीं ओळखूं लागला. लहानपणीं फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो या गांवीं त्यांचें उन्हाळ्यांतलें वास्तव्य असे, आणि तेथें शेजारीं घर होतें लुई ब्लेरिओ याचें. म्हणजे ज्यानें १९०९ सालीं विमानानें प्रथम इंग्लिश खाडी ओलांडली त्या ब्लेरिओचें. त्या वाळूवर उतरणारीं विमानें पाहून या मुलाच्या मनांत जें बीज पडलें तें जुहूच्या मैदानावर रुजलें.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखान यांनीं एक बक्षीस जाहीर केलें. इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास जो हिंदी मनुष्य एकटा उडून ठरलेल्या मुदतींत प्रथम पुरा करील त्याला पांचशें पौंड. तीन तरुण पुढें आले: मनमोहनसिंग, जे. आर. डी. आणि कराचीचा अवघा सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर. अस्पीला ही वाट अगदींच नवी नव्हती. १९३० च्या मार्च महिन्यांत तो आर. एन. चावला या मित्राबरोबर एका जिप्सी मॉथमधून कराचीहून लंडनपर्यंत जाऊन पोंचला होता. हिंदी माणसांनीं हिंदुस्थानांतून इंग्लंडपर्यंत केलेलें तें पहिलें उड्डाण. दोन पोरसवदा मित्र, एक लहान विमान, आणि खालीं अर्धें जग.

बक्षिसाच्या शर्यतींत अस्पी इंग्लंडहून कराचीकडे निघाला व जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे. दोघांची गांठ पडली ती मिसर देशांत, अलेक्झांड्रियाजवळच्या अबूकीर येथील तळावर. पाहतात तों अस्पीचें विमान उभें आहे आणि अस्पी हताश होऊन बसला आहे. त्याच्या इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते व बदली प्लग जवळ नव्हते. त्या तळावर प्लग मिळणार कोठून? जे. आर. डीं. जवळ मात्र जादा प्लग होते. ते त्यांनीं आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या हातीं ठेविले.

पुढें काय झालें हें आपणांस ठाऊक असेल. जे. आर. डी. लंडनला पोंचण्यापूर्वीं अस्पी कराचीस उतरला होता. मनमोहनसिंगांचें उड्डाण मुदतीच्या थोडें बाहेर गेलें. बक्षीस अस्पीला मिळालें. तोच अस्पी पुढें वायुसेनेंत शिरला, आणि १९६० पासून १९६४ पर्यंत एअर मार्शल अस्पी इंजिनियर या नांवानें भारतीय वायुसेनेचा प्रमुख होता. अबूकीरच्या वाळूंत दिलेल्या त्या प्लगांची किंमत कोणत्या हिशेबाच्या वहींत मांडावी? शर्यत जिंकण्यासाठीं निघालेला मनुष्य शर्यत हरण्याचें साधन आपल्या हातानें दुसऱ्यास देतो, हें व्यवहाराला मूर्खपणाचें वाटेल. पण जो पंखा फिरविणाऱ्याच्या जिवासाठीं कळ सांभाळावयास शिकला, त्याला दुसरें कांहीं सुचलेंच नसतें.

याच सुमारास हिंदुस्थानांत आणखी एक मैत्री जुळली. रॉयल एअर फोर्समध्यें नोकरी केलेला नेव्हिल व्हिन्सेंट हा धिप्पाड गृहस्थ १९२९ सालीं न्यूऑल नांवाच्या सहकाऱ्याबरोबर युद्धांतून उरलेलीं विमानें घेऊन या देशांत आला. गांवोगांव फिरावें, मैदान पाहून उतरावें, लोकांना आकाशांतील कसरती दाखवाव्या, आणि पैसे घेऊन हौशी लोकांना एक फेरी मारून आणावी, हा त्यांचा उद्योग. आपल्या जत्रेंत पाळणेवाला येतो तसाच हा प्रकार. पण फिरतां फिरतां व्हिन्सेंटनें हा देश वरून पाहिला, आणि त्याच्या ध्यानांत आलें कीं लंडनची हवाई टपाल १९२९ पासून कराचीपर्यंत येते व तेथून पुढें मात्र तिला रेल्वेच्या गतीनें जावें लागतें. कराचीहून मुंबईस व मद्रासेस ती विमानानें नेतां आली तर? ही कल्पना घेऊन तो टाटांकडे गेला. जे. आर. डीं. नीं ती उचलून धरली. दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम सुरू झालें.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिघ रोड मैदानावरून जे. आर. डी. एका 'पस मॉथ'मधून निघाले. हें मॉथचेंच एकपंखी, बंद खोलीचें भावंड. बरोबर सुमारें पंचावन्न पौंड टपाल. अहमदाबादेस उतरले तों पेट्रोलाचे डबे बैलगाडींतून आलेले! विसाव्या शतकाच्या यंत्राची तहान भागविण्यासाठीं बैल जुंपले होते. यापेक्षां त्या काळाचें अधिक बोलकें चित्र मला तरी दुसरें माहीत नाहीं. दुपारीं दोनला दहा मिनिटें असतां ते जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून टपाल घेऊन दुसऱ्या पस मॉथमधून व्हिन्सेंट बल्लारीमार्गें मद्रासेकडे गेला. जुहूचें मैदान म्हणजे समुद्राकांठची चिखलट जमीन. पावसाळ्यांत तें पाण्याखालीं जाई, आणि मग ही टपाल पुण्यास उतरे. एवढ्याशा रोपट्यांतून पुढें एअर इंडिया हा वृक्ष झाला. व्हिन्सेंटला मात्र त्याची सावली लाभली नाहीं. १९४२ सालीं इंग्लंडहून परत येत असतां त्याचें विमान फ्रान्सच्या किनाऱ्यानजीक नाहींसें झालें. जे. आर. डीं. नीं या उपक्रमाच्या मूळ कल्पनेचें श्रेय जन्मभर त्यालाच दिलें.

आणि हें लक्षांत ठेवावें कीं, त्याच ऑक्टोबर महिन्याच्या ८ तारखेस, म्हणजे बरोबर एक आठवडा आधीं, भारतीय वायुसेनेची विधिपूर्वक स्थापना झाली होती. आणि तिचें पहिलें पथक १९३३ च्या १ एप्रिलला उभें राहिलें तें त्याच ड्रिघ रोडच्या मैदानावर.

आतां आपण पुन्हा १९३३ च्या फेब्रुवारींत दिल्लीस जाऊं. ज्या शर्यतीसाठीं शटलवर्थ व स्टेड आले, तींत तिसरें एक कॉम्पर स्विफ्ट विमान होतें. त्याचा धनी अल्बन अली, आसामांत सिल्चरच्या बाजूस चहाचा मळा करणारा. विमानाचें नांव त्यानें 'स्कार्लेट एंजल', म्हणजे लाल देवदूत, असें ठेविलें होतें. त्याचा नोंदणीचा क्रमांक होता व्हीटी-एडीओ. आणि जे. आर. डीं. नीं कराचीहून टपाल आणली त्या पस मॉथचा क्रमांक होता व्हीटी-एडीएन. सरकारी वहींत ही दोन नांवें एकाखालीं एक लिहिलीं गेलीं असलीं पाहिजेत; जणूं एकाच शाळेंत एका दिवशीं दाखल झालेलीं दोन मुलें.

या लाल देवदूताला घेऊन अली १९३३ सालीं इंग्लंडच्या 'किंग्ज कप' शर्यतीसाठीं निघाला. पण मिसर देशांत इंजिनानें दगा दिला व शर्यत हुकली. विमान पुढें इंग्लंडांतच राहिलें. शटलवर्थ आपल्या घरीं परत गेला. बेडफर्ड परगण्यांत ओल्ड वॉर्डन येथें त्याची वडिलोपार्जित मोठी इस्टेट होती. तेथें गवताचें एक मैदान त्यानें विमानांसाठीं राखलें होतें. त्याला जुन्या यंत्रांचा छंद होता. कोणीं अडगळींत टाकलेलें, गंजलेलें, उंदरांनीं कुरतडलेलें विमान दिसलें कीं तो तें घरीं आणी आणि पुन्हा उडतें करी. १९०९ सालीं बांधलेलें एक ब्लेरिओ विमान त्याला १९३५ त मिळालें. तेंही त्यानें जिवंत केलें. हार्डेलोच्या वाळूवर लहानग्या जहांगीरनें ज्याचीं विमानें पाहिलीं, त्याच ब्लेरिओची ही कृति.

१९३९ सालीं दुसरें महायुद्ध पेटलें. शटलवर्थ वायुदलांत गेला, आणि १९४० च्या ऑगस्टमध्यें रात्रीच्या शिक्षणाच्या उड्डाणांत त्याचें विमान कोसळून तो ठार झाला. वय एकतीस. एकुलत्या एक मुलाच्या मृत्यूनें खचून जाण्याऐवजीं त्याच्या आईनें १९४४ सालीं त्याच्या स्मरणार्थ एक न्यासनिधि स्थापिला. शटलवर्थचा संग्रह म्हणून आज जो जगभर प्रसिद्ध आहे तो हाच. आणि योगायोग पाहा: दिल्लीच्या शर्यतींत त्याच्याबरोबर धांवलेला तो लाल देवदूत अनेक हातांतून फिरत फिरत अखेर त्याच ओल्ड वॉर्डनच्या मैदानावर येऊन राहिला आहे. मित्राच्या घरीं उशिरां पोंचलेल्या पाहुण्यासारखा!

या मैदानावर उन्हाळ्यांत जुन्या विमानांचे मेळावे भरतात. तेथें कांचेच्या कपाटांत ठेवलेलीं विमानें पाहावयाचीं नसतात, तीं उडतात. लोक मोटारींनीं येतात, तसे कित्येक जण आपल्या लहानशा विमानांत मित्राला शेजारीं बसवून गवतावर उतरतात. शटलवर्थनें १९३२ सालीं विकत घेतलेलें त्याचें स्वतःचें मॉथ अद्याप तेथेंच आहे. ब्लेरिओला मात्र वारा सोसत नाहीं. दिवस मावळतांना, झाडाचें पान हालत नाहीं अशा वेळीं, त्याला बाहेर काढतात. तें चार हात उंच उचललें जातें, मैदानाच्या मधल्या भागावरून तरंगतें आणि पुन्हा गवतावर टेकतें. एवढ्यासाठीं हजारों माणसें संध्याकाळपर्यंत थांबलेलीं असतात.

हीं यंत्रें जपणें म्हणजे केवळ पुसून ठेवणें नव्हे. जुन्या मॉथचा सांगाडा स्प्रूस नांवाच्या सरळ धाग्याच्या लांकडाचा व पातळ फळ्यांचा. सांध्याला सरस. सरस ओलीनें सुटतो, लांकडाला आंतून बुरशी लागते, आणि बाहेरून कांहींच दिसत नाहीं. म्हणून ठराविक काळानें सगळें कापड उतरवून प्रत्येक फांसळी हातानें चाचपून पाहावी लागते. मग नवें लिननचें कापड चढवावयाचें, तें फांसळ्यांना सुईदोऱ्यानें शिवावयाचें, त्यावर 'डोप' नांवाचें रोगण द्यावयाचें. तें वाळतांना कापड तबल्याच्या पुडीसारखें ताठ होतें. बोटानें टिचकी मारून कारागीर त्याचा आवाज ऐकतो. हें ज्ञान पुस्तकांत थोडें आणि बोटांत अधिक असतें. विमान उडावयाचें थांबलें कीं बोटांतलें हें ज्ञान एका पिढींत नाहींसें होतें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. जुनें यंत्र उडविणें धोक्याचें आहे. २०१५ सालीं इंग्लंडांत शोरहॅम येथील मेळाव्यांत एक जुनें लढाऊ विमान रस्त्यावर कोसळून अकरा माणसें मरण पावलीं; त्यांपैकीं कित्येक तर मेळावा पाहावयासही आलेलीं नव्हतीं. २०२२ सालीं अमेरिकेंत डॅलस येथें दोन जुनीं विमानें आकाशांत एकमेकांवर आदळून सहा जण गेले. हौसेपायीं प्राण जावे काय? एमी जॉन्सनचें मॉथ लंडनच्या संग्रहालयांत छताखालीं सुरक्षित टांगलें आहे; सर्वच विमानें तशीं कां टांगूं नयेत?

मला वाटतें, या आक्षेपांतील अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. जो मनुष्य मेळाव्याला आलेला नाहीं त्याचा जीव पणाला लावण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. उड्डाणाची वाट, उंची, प्रेक्षकांपासूनचें अंतर यांचे कडक नियम असावेत व ते पाळले जावेत. पण उरलेल्या अर्ध्या भागाचें उत्तर ब्लेरिओ देतें. तें वाऱ्याला भिऊन थांबतें, योग्य घटकेची वाट पाहतें, आणि चार हातांहून उंच जाण्याचा हट्ट धरीत नाहीं. आपल्या यंत्राची मर्यादा ओळखणें हीच त्या जुन्या वैमानिकांची विद्या होती. मर्यादा न ओळखणारें धाडस त्या वेळींही घातकच ठरत असे.

आपल्याकडे ही स्मृति अगदींच उपेक्षिली गेली असें नाहीं. १९६२ सालीं, पहिल्या टपालफेरीला तीस वर्षें झालीं तेव्हां, जे. आर. डीं. नीं कराची ते मुंबई ही वाट पुन्हा लहान विमानांतून आक्रमिली. आणि १५ ऑक्टोबर १९८२ रोजीं, पन्नासाव्या वाढदिवशीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, ते 'लेपर्ड मॉथ' या जुन्या विमानांतून एकटेच कराचीहून निघून अहमदाबादमार्गें जुहूस उतरले. ज्या वयांत माणसें काठी शोधतात त्या वयांत ते पंख शोधीत होते! तरुण पिढीच्या मनांतील मावळत चाललेला उत्साह पुन्हा चेतावा, हाच आपला हेतु असल्याचें त्यांनीं सांगितलें होतें.

वायुसेनेनेंही आपलें जुनें 'टायगर मॉथ' पुन्हा उडतें केलें. दुसऱ्या महायुद्धांत बेगमपेठ व जोधपूर येथील शाळांत नवशिक्या वैमानिकांनीं याच जातीच्या विमानावर पहिले धडे गिरविले होते. २०१२ च्या ऑक्टोबरमध्यें हिंडनच्या संचलनांत तें दुपंखी विमान गुरगुरत वरून गेलें. २०१८ सालीं एक जुनें डकोटा विमान इंग्लंडहून टप्प्याटप्प्यानें उडत जामनगरला आलें. त्याला 'परशुराम' हें नांव दिलें आहे, व त्यावर व्हीपी-९०५ हा क्रमांक रंगविला आहे. कारण २७ ऑक्टोबर १९४७ रोजीं श्रीनगरच्या मैदानावर फौज घेऊन उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक होता.

आणि २०२१ सालीं, ऑक्टोबरच्या त्याच १५ तारखेस, मुंबईच्या आरोही पंडित या तरुण वैमानिकेनें एका अत्यंत हलक्या विमानांतून टपालफेरीच्या स्मरणार्थ उड्डाण केलें. ती उतरली जुहूलाच. परंतु निघाली कराचीहून नव्हे, तर भूजहून. नकाशावर हें अंतर थोडें आहे, इतिहासांत मात्र फार मोठें आहे. १९३२ सालीं जी वाट एका सकाळच्या उन्हांत उलगडत गेली, ती १९६२ व १९८२ सालीं विशेष परवानगीनें कां होईना पुन्हा चालतां आली. या वेळीं मात्र तिचें पहिलें टोंकच हातीं आलें नाहीं. यंत्रें सुधारलीं, वेग वाढला, आणि आकाश तेवढें लहान झालें.

म्हणूनच जुन्या पंखांचे हे मेळावे मला केवळ हौशी माणसांचा खेळ वाटत नाहींत. त्या यंत्रांच्या कापडाखालीं एक रीत जपून ठेविलेली आहे. तिला एकट्याचें सामर्थ्य पुरत नसे. ती म्हणे: पुढें उभा असलेल्या मित्राला आधीं विचारा, त्याचा प्रतिसाद कानीं येऊं द्या, आणि मगच कळ दाबा. अबूकीरच्या तळावर ती रीत प्रतिस्पर्ध्यालाही मित्र मानावयास शिकली. दिल्लीच्या शर्यतीस निघालेल्या दोघा तरुणांना पांच हजार मैलांच्या एकान्तांत शेजारच्या पंखाचा धीर तिनेंच दिला.

श्रोतेहो, जुहूच्या मैदानावरून आजही विमानें व हेलिकॉप्टरें उडतात. कधीं त्या बाजूनें जाण्याचा प्रसंग आला तर क्षणभर थांबून पाहा. कराचीहून आलेलें तें इवलेंसें विमान तेथेंच उतरलें, आणि टपालाची थैली एका मित्राच्या हातांतून दुसऱ्या मित्राच्या हातांत गेली. त्या थैलींत पत्रें होतीं पंचावन्न पौंडांचीं. पण तिच्याबरोबर जो भरंवसा हातीं आला त्याचें वजन अद्याप कोणीं केलेलें नाहीं.